शिळे कालवण आणि घड्याळ

रात्रीचे माशाचे कालवण दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते, याविषयी आपल्या किनारपट्टीवर दुमत आढळणार नाही. कोकमाचा किंवा चिंचेचा आंबटपणा तुकडीत मुरतो, मसाल्याचा उग्रपणा ओसरतो, नारळाचा रस दाट होतो, आणि सकाळच्या भाकरीबरोबर ते कालवण खाताना माणूस ताज्या पक्वान्नाला विसरतो. या सुखावर विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही त्याच सुखाचे वाटेकरी आहोत. पण हे सुख काही अटींवरच निर्धोक असते, आणि त्या अटी आपल्यापैकी पुष्कळांना चुकीच्या ठाऊक आहेत. आम्हालाही त्या चुकीच्याच ठाऊक होत्या, आणि त्याची किंमत आमच्याऐवजी दुसऱ्यांनी मोजली.

राज्यघटना, संतवाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय असताना कामगार चळवळीतल्या माणसाने शिळ्या कालवणाची कथा कशाला लावावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आमचे उत्तर साधे आहे. एका दिवसाच्या उलटीजुलाबाची किंमत पगारी रजा असलेल्याला वेगळी पडते आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला वेगळी. ज्याच्या घरी अन्न टाकून देणे परवडत नाही, त्याच्याच घरी आजारी पडणेही परवडत नाही. म्हणून उरलेल्या अन्नाचे शास्त्र हा श्रीमंतांचा छंद नसून गरिबांच्या संसाराचा हिशेब आहे.

आमचा अपराध

गोष्ट २०११ सालची. कंत्राटी कामगारांचा मेळावा होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास मोठ्या टोपात कोळंबीभात शिजला. आठ वाजता पंगत बसली. अंदाज चुकला आणि दहा वाजता पाहतो तो अर्धा टोप शिल्लक. त्यावर झाकण ठेवून तो सभागृहाच्या कोपऱ्यात सरकवला आणि सगळे झोपायला गेले. सकाळी स्वयंपाक करणाऱ्या वृद्ध बाईंनी आम्हाला विचारले, "भाऊ, रातभर तसाच ऱ्हायलाय. द्यावा का कुणाला?" आम्ही पुढारीपणाच्या तोऱ्यात उत्तर दिले, "मावशी, घामाचं अन्न आहे, फेकायचं नाही. पाणी शिंपडून चांगली वाफ काढा, की झालं." त्यांनी मुकाट्याने वाफ काढली. डबे भरले आणि चौदा घरी पोचते झाले.

दुपार होण्यापूर्वी त्यांपैकी अकरा घरांतली माणसे ओकत होती. सुदैवाने कोणी दगावले नाही. पण अकरा जणांचा त्या दिवसाचा रोज बुडाला, काहींचा दुसऱ्या दिवसाचाही. एकाला तर ठेकेदाराने 'दांडी मारली' म्हणून आठवडाभर उभे केले नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून आम्ही जे केले, त्यात त्या भाताच्या किमतीच्या कितीतरी पट मजुरी वाया गेली. त्या भाताची तपासणी कोणी केली नाही. पण खाल्ल्यावर दोन-तीन तासांतच उलट्या सुरू झाल्या हे ऐकून दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "वाफ तुम्ही काढलीत ती ठीक. पण तोवर विष तयार होऊन बसलं होतं. विष वाफेनं मरत नाही." हे वाक्य आमच्या डोक्यात राहिले. पुढे मिळेल ते वाचून आणि जाणत्यांना विचारून जे समजले, ते आज मांडत आहोत.

तीन निरनिराळ्या गोष्टी

आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की अन्न 'खराब' होते ते एकाच प्रकारे, आणि उकळी आली की ते 'शुद्ध' होते. वस्तुतः येथे तीन निरनिराळ्या गोष्टींचा विचार करावा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे जिवंत जंतू. हे पाच अंश सेल्सियसच्या खाली बहुधा सुस्त पडतात आणि साठ अंशांच्या वर वाढू शकत नाहीत. या दोहोंच्या मधला टापू म्हणजे त्यांचे सुगीचे रान, आणि आपल्या स्वयंपाकघराचे तपमान वर्षाचे बारा महिने त्याच टापूत असते. अनुकूल स्थितीत पुष्कळसे जंतू सुमारे वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. हिशेब करून पाहा. दोन तासांत एकाचे ६४ होतात. आठ तासांत, म्हणजे आपल्या एका रात्रीच्या झोपेत, एकाचे १,६७,७७,२१६ होतात. चक्रवाढ व्याज कसे असते हे सावकाराच्या दारी गेलेल्याला सांगावे लागत नाही. येथे सावकार टोपात बसलेला असतो. हे जिवंत जंतू मात्र चांगल्या उकळीने मरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे बीजाणू. काही जंतू संकट आले की स्वतःभोवती कठीण कवच करून निजतात. साध्या उकळीला ते दाद देत नाहीत. तांदळात असा एक जंतू नेहमीच थोडाफार असतो. भात शिजताना त्याचे बीजाणू वाचतात, आणि भात कोमट झाला की जागे होऊन वाढू लागतात. मोठ्या टोपात, जेथे मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, तेथे मांसमच्छीच्या रश्श्यात वाढणारा याच जातकुळीचा आणखी एक जंतू आहे. तो अंगच्या तापाहून किंचित अधिक उष्णतेत सर्वांत झपाट्याने वाढतो.

तिसरी गोष्ट म्हणजे विष. वाढता वाढता काही जंतू अन्नात विष सोडतात. भातातल्या त्या जंतूचे उलट्या घडवणारे विष आणि माणसाच्या हातावरून, नाकातून, चिघळलेल्या जखमेतून अन्नात जाणाऱ्या जंतूचे विष, ही दोन्ही उकळून नष्ट होत नाहीत. जंतू मरून जातो, पण त्याने केलेली करणी मागे उरते. तात्पर्य, विस्तव जंतूला मारतो; पण घड्याळ मागे फिरवू शकत नाही. आमच्या कोळंबीभाताचे नेमके हेच झाले.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'वास घेऊन पाहा' हा आपला घरोघरचा न्यायनिवाडा आहे. वास येतो तो अन्न नासवणाऱ्या जंतूंमुळे. माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुधा वासाने, रंगाने वा चवीने आपली ओळख देत नाहीत. वास आला तर अन्न टाकावेच. पण वास आला नाही म्हणजे अन्न निर्दोष, असे मानू नये.

आजीची उकळी

येथे कोणी म्हणेल, की आमची आजी मडक्यातले कालवण रात्री उकळून ठेवी, सकाळी पुन्हा उकळी, असे तीन दिवस चाले, आणि कोणाला काही झाले नाही. आजीची थट्टा करण्याचे कारण नाही. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८७७ साली दाखवून दिले की एका उकळीने न मरणारे बीजाणू थांबून थांबून अनेकदा तापवल्याने मारता येतात. पहिल्या उकळीनंतर ते जागे होतात, आणि जागे झाले की दुसरी उकळी त्यांना गाठते. टिंडलचे नाव न ऐकता आजी जे करीत होती, ते याच वाटेवरचे होते.

पण वाट तीच असली तरी मुक्काम तोच नव्हता. टिंडलची भांडी बाहेरच्या जंतूंपासून बंद होती. आजीच्या मडक्यात दिवसातून चार वेळा पळी जाई, आणि पळीबरोबर नवे जंतूही जात. शिवाय दोन उकळ्यांच्या मध्ये आठ-दहा तास जात, आणि तेवढ्यात तयार झालेले विष पुढच्या उकळीने जात नाही. आजीच्या बाजूला दोन गोष्टी होत्या. कालवण चांगले आंबट असे आणि त्यात भाताची शिते पडू दिली जात नसत. आंबटपणाने जंतूंची वाढ मंदावते हे खरे. पण नारळाच्या वाटणात चार कोकमे टाकून आलेला आंबटपणा लोणच्याइतका नसतो. त्याच्या भरवशावर रात्र काढू नये. आणि 'कोणाला काही झाले नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा पोट बिघडले ते 'उष्णता झाली' किंवा 'दृष्ट लागली' या नावाखाली जमा झालेले असते, हेही विसरू नये.

मासळीचे वेगळेपण

हे सारे डाळभातालाही लागू आहे. मासळीच्या बाबतीत मात्र काही गोष्टी अधिक लक्षात ठेवाव्या लागतात.

बांगडा, तारली, कुपा, काही अंशी सुरमई, या मासळीच्या मांसात एक विशिष्ट द्रव्य भरपूर असते. मासळी बर्फाविना राहिली की जंतू त्या द्रव्यापासून हिस्टामिन नावाचे दुसरे द्रव्य तयार करतात. अशी मासळी खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, ओठ चुरचुरतात, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते, छाती धडधडते. लोक म्हणतात, 'मासळी अंगावर उठली.' पुष्कळदा दोष खाणाऱ्याच्या प्रकृतीचा नसतो; तो उन्हात राहिलेल्या टोपलीचा असतो. हे हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. म्हणून उरलेल्या बांगड्याच्या सुरक्षिततेचा विचार रात्री नव्हे, बाजारात सुरू होतो. अकरा वाजता घेतलेली मासळी पिशवीत घालून चार ठिकाणी फिरवून संध्याकाळी शिजवली, तर तिचे कालवण ताजे असूनही शिळेच आहे.

दुसरी गोष्ट कच्च्या-शिजलेल्याच्या विटाळाची. हा शब्द आमच्या चळवळीने माणसांच्या बाबतीत हद्दपार करायचा पत्करला आहे. पण सुरीपाटाच्या बाबतीत तो पाळलाच पाहिजे. १९५० साली जपानात ओसाका येथे अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली आणि २० दगावली. त्या प्रकरणाचा छडा लावताना त्सुनेसाबुरो फुजिनो यांना समुद्राच्या पाण्यात राहणारा एक जंतू सापडला. हा जंतू कच्च्या मासळीवर, कोळंबीवर, तिसऱ्या-कालवांवर असू शकतो. उकळीने तो सहज मरतो. पण ज्या विळीवर कच्ची मासळी कापली, तीच न धुता तिच्यावर कोथिंबीर चिरून शिजलेल्या कालवणावर भुरभुरली, तर मेलेला जंतू आपणच परत आणून बसवला असे होते. उष्ण हवेत तो इतर जंतूंहूनही वेगाने वाढतो.

तिसरी गोष्ट सोलकढीची. तिच्यातला नारळाचा रस कच्चा असतो. त्याला विस्तव कधी लागलेलाच नसतो. उरलेले कालवण ठेवा, पण सोलकढी रोजची रोज करावी आणि उरली तर तिचा मोह धरू नये.

ठेवावे कसे

पहिला नियम दोन तासांचा. विस्तवावरून उतरवल्यापासून दोन तासांच्या आत उरलेले अन्न फ्रीजमध्ये गेले पाहिजे. वैशाखातल्या दुपारी, पारा बत्तीस अंशांवर असेल तेव्हा, हा वेळ एका तासावर आणावा. जागतिक आरोग्य संघटनाही शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये, असेच सांगते. यासाठी सर्वांत सोपी युक्ती म्हणजे जेवायला बसण्यापूर्वीच उद्याचा वाटा स्वच्छ पळीने वेगळा काढणे. पंगतीत फिरलेल्या, उष्ट्या हाताच्या पळीने ढवळलेल्या पातेल्यापेक्षा हा वाटा कितीतरी निर्मळ असतो.

दुसरा नियम उथळ भांड्याचा. घट्ट अन्नाचा थर दुप्पट जाड केला की ते निवायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून कोळंबीभात टोपात ठेवू नये. परातीत किंवा पसरट डब्यात दोन इंचांहून कमी थर करून पसरावा. पातळ कालवणाचे पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून पळीने ढवळावे. बर्फ असल्यास पाण्यात टाकावा. अमेरिकेत उपाहारगृहांसाठी जी आदर्श नियमावली आहे, तिच्यात शिजलेले अन्न ५७ अंशांपासून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि ५ अंशांपर्यंत एकूण सहा तासांत निवले पाहिजे, असे म्हटले आहे. आमचा तो टोप सकाळपर्यंतही मधोमध कोमट होता.

'गरम भांडे फ्रीजमध्ये ठेवू नये' या उपदेशाचा अर्थ लोक 'गार होईपर्यंत बाहेर ठेवावे' असा घेतात, आणि गार होता होता मध्यरात्र उलटते. वाफाळता मोठा टोप आत ठेवला तर शेजारचे दूधही तापेल, हे खरे. परंतु लहान उथळ डब्यातले कोमट अन्न आत ठेवण्यास काही हरकत नाही.

भांडे स्टीलचे, काचेचे किंवा चिनीमातीचे असावे. कोकमाचे वा चिंचेचे कालवण कल्हई उडालेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात ठेवू नये. आंबटाने तांबे अन्नात उतरते. डबा झाकावा, आणि कच्ची मासळी नेहमी खालच्या कप्प्यात, शिजलेले अन्न वरच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे कच्च्याचे पाणी शिजलेल्यावर ठिबकणार नाही.

किती दिवस ठेवावे? नीट थंड असलेल्या फ्रीजमध्ये शिजलेली मासळी तीन-चार दिवस टिकते, असे अमेरिकी सरकारी मार्गदर्शन सांगते. आपल्याकडे दार दहादा उघडते आणि वीज केव्हाही जाते. म्हणून आम्ही घरी दुसरा दिवस ही मर्यादा पाळतो, आणि कालवे-तिसऱ्या दुसऱ्या दिवशी दुपारीच संपवतो. याहून अधिक ठेवायचे असेल तर पहिल्याच रात्री गोठवावे. उणे अठरा अंशांत जंतू वाढत नाहीत. मरतही नाहीत, एवढे लक्षात असावे. गोठवलेले अन्न ओट्यावर न विरघळवता फ्रीजच्या खालच्या भागात विरघळवावे. वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रीज सुमारे चार तास गारवा धरून ठेवतो. त्याहून अधिक वेळ वीज गेली, तर मासळीचा मोह सोडावा.

आणि ज्या घरी फ्रीज नाही, त्यांनी काय करावे? त्यांना आम्ही खोटा दिलासा देणार नाही. त्यांनी मासळी एका जेवणापुरतीच शिजवावी, उरलीच तर दोन तासांच्या आत शेजारी वाटून टाकावी. शेजाऱ्याला वाटी देण्याची आपली जुनी चाल ही या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. साठवणुकीसाठी सुकी मासळी आहे. जेथे पाणी नाही तेथे जंतूंची वाढ नाही. तव्यावर कोरडी भाजलेली सुकटाची किंवा जवळ्याची चटणी, ओले खोबरे न घालता केली, तर दिवसभर डब्यात राहते. तिच्यात कांदाटोमॅटो आणि पाणी पडले की ती पुन्हा कालवण झाली, आणि तिला कालवणाचेच नियम लागू झाले.

तापवावे कसे

जेवढे खायचे तेवढेच काढून तापवावे. सगळे पातेले तापवून उरलेले पुन्हा आत ठेवणे म्हणजे अन्नाला त्या सुगीच्या टापूतून दोनदा फिरवून आणणे होय. एकदा तापवलेले अन्न पुन्हा तापवू नये.

कडेने बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे. मधोमध खळखळून उकळले पाहिजे, आणि तुकडीच्या आतपर्यंत किमान सत्तर अंशांची धग पोचली पाहिजे. तुकडी मोडते, कोळंबी रबरासारखी होते, या भीतीने गृहिणी हात आखडता घेतात. त्यावर उपाय असा: आधी नुसता रस्सा खळखळवावा, मग त्यात तुकडी अलगद सोडून झाकण ठेवावे आणि मध्यापर्यंत कढत होईतो उकळत ठेवावे. तळलेली तुकडी तव्यावर चमचाभर पाणी शिंपडून झाकणाखाली वाफवावी, शेवटी झाकण काढून खरपूस करावी. कोळंबीभात थोडे पाणी घालून, ढवळून, सगळीकडून वाफ येईपर्यंत तापवावा. मायक्रोवेव्हमध्ये अन्न एकीकडे कढत आणि दुसरीकडे गार राहते. म्हणून मध्ये एकदा ढवळावे आणि बाहेर काढण्यापूर्वी दोन मिनिटे तसेच राहू द्यावे. तापवल्यावर लगेच वाढावे. गरोदर बाई, तान्ही मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांना मात्र शिळी मासळी न देणेच बरे. काही जंतू फ्रीजच्या गारव्यातही सावकाश वाढतात आणि पोटातल्या गर्भाला पोचतात.

एवढे करूनही उलट्याजुलाब झालेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. चमचा चहाचा आणि सपाट भरलेला. शौचातून रक्त पडले, ताप चढला, लघवी थांबली, आजारी माणूस तान्हे मूल असले किंवा मासळी खाऊन श्वास कोंडला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

डबा आणि घर

आता आमच्या क्षेत्राकडे वळतो. पहाटे पाचला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो, म्हणजे आठ तास. रात्रपाळीचा डबा संध्याकाळी भरतो आणि मध्यरात्रीनंतर उघडतो. या हिशेबाने कामगाराच्या डब्यातले ताजे कालवणही शिळेच असते. यावर उपाय दोन. जाड उष्णतारोधक डबा आधी उकळत्या पाण्याने तापवून त्यात खळखळते कालवण काठोकाठ भरावे, म्हणजे ते साठ अंशांच्या वर पुष्कळ वेळ राहते. उघडल्यावर ते जीभ भाजण्याइतके कढत नसेल, तर डबा कामाचा नाही असे समजावे. नाहीतर कामाच्या ठिकाणी डबा ठेवायला फ्रीज आणि तापवायला शेगडी असावी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह आणि १५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात जेवणाची खोली असावी, अशी तरतूद केली. आम्ही इतकी वर्षे मागणीपत्रांत बाक मागितले, पंखे मागितले, पिण्याचे पाणी मागितले. पण डब्यासाठी फ्रीज मागण्याचे सुचले नाही. अकरा माणसे आजारी पडल्यानंतर ते सुचले. तेव्हापासून ती मागणी आमच्या प्रत्येक पत्रकात असते, आणि मालक ती वाचून हसले तरी आम्ही ती काढलेली नाही.

एक मागणी मात्र मालकाकडे नसून आपल्या घराकडे आहे. घरात शिळे कोण खाते, हे एकदा प्रत्येकाने पाहावे. पुरुषाला ताजी तुकडी, मुलांना ताजी तुकडी, आणि कालचे उरलेले 'मला चालतं' म्हणून घरच्या बाईच्या ताटात. त्याग म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. पण जंतूला त्याग कळत नाही. जे अन्न आपण मुलाला द्यायला धजत नाही, ते त्याच्या आईलाही खाऊ देऊ नये. ते एकतर सर्वांनी वाटून खाण्याजोगे आहे, किंवा कोणीच खाण्याजोगे नाही.

अन्न टाकू नये, ही आपली शिकवण योग्यच आहे. पण अन्न वाचवण्याची वेळ सकाळची नव्हे, रात्रीची असते. पंगत उठल्यावर सगळे दमलेले असतात, तेव्हाची असते. त्या वेळी एकाने उठून परात शोधली, पाणी भरले, डबे काढले, तर अन्नही वाचते आणि माणसेही. त्या रात्री आम्ही तेवढे केले असते, तर सकाळी मावशींच्या प्रश्नाला खरे उत्तर देता आले असते. आता आमच्या मेळाव्यांत जेवण झाले की त्या मावशीच घड्याळाकडे बोट दाखवतात, आणि आम्ही भाषण आवरते घेऊन पराती मांडायला जातो.